समुद्र, लेणी आणि सह्याद्री : मुक्काम दापोली

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील कान्ताब्रिया इलाख्यात सागर, गुहा आणि उत्तुंग गिरिशिखरे एका दिवसाच्या टप्प्यात येतात, आणि तेथील अल्तामिरा गुहेतील रानगव्यांची छतचित्रे 1879 मध्ये एका लहान मुलीच्या दृष्टीस पडली असूनही विद्वानांनी त्यांचे प्राचीनत्व 1902 पर्यंत मान्य केले नाही. परंतु असा त्रिवेणी योग पाहण्यास छत्तीसगडमधील दुर्गजवळच्या रसमड्याच्या मराठी कुटुंबाला परदेशी जाण्याचे प्रयोजन नाही. दुर्गला मुंबईची गाडी धरावी, कोकण रेल्वेने खेडला उतरावे आणि एस.टी.ने दापोली गाठावी.

कोटजाई नदीकाठची पन्हाळेकाजीची 29 लेणी ही या तालुक्याची खरी दौलत होय. हीनयान बौद्धांनी प्रथम कोरलेल्या या कातळात पुढे वज्रयानी, शैव, गाणपत्य आणि नाथपंथीय साधक शतकानुशतके वसत गेले, आणि एका पंथाची ओवरी दुसऱ्याचे देवघर झाली. शिलाहारकालीन ताम्रपटातील ‘प्रणालक’ ते हेच स्थान. भिंतींवरच्या नाथसिद्धांच्या वीतभर मूर्ती बॅटरीचा प्रकाश तिरपा धरल्याविना नीट उमटत नाहीत, म्हणून बॅटरी सोबत असावीच.

कर्दे-मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जावे. ओल्या पुळणीवर चिमुकले खेकडे आपापल्या बिळाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडत असतात, आणि भरतीची पहिली लाट ती पुसून नेते.

डोंगराची हौस असणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर, पावसाळा टाळून, खेड तालुक्यातील रसाळगड चढावा.