लांब, बारीक केसांची निगा आणि जटेची भीती



नळावर, दारात किंवा विहाराच्या पायरीवर चार बायका बसल्या की केसांचा विषय निघतोच. कुणी म्हणते, "आधी माझी वेणी मनगटाएवढी होती, आता उंदराचं शेपूट झालंय." कुणाच्या मुलीचे केस कमरेपर्यंत लांब, पण रेशमासारखे बारीक, फणी घातली की गुंता आणि फणी काढली की हातात पुंजका. मग कुणी जाहिरातीतले तेल सुचवते, तर कुणी "देवीचं काही असेल" असेही म्हणून जाते. म्हणून या विषयाची नीट माहिती घेऊ.

आधी फरक ओळखा

बारीक केस आणि विरळ केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेक केस जात्याच नाजूक असेल तर तो बारीक केस. तो आईवडिलांकडून आलेला असतो. तो आजार नाही आणि कोणत्याही तेलाने तो जाड होत नाही. पण पूर्वी दाट असलेले केस आता कमी झाले, भांग रुंद दिसू लागला, तर केस विरळ होत आहेत. त्याचे कारण शोधावे लागते.

आपल्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. रोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. केस महिन्याला सुमारे 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे दोन फूट लांब केसाचे टोक जवळजवळ पाच वर्षांचे जुने असते. पाच वर्षांचे ऊन, धूळ, साबण आणि फणी त्याने सोसलेली असते. केसाचे मूळ जिवंत असते, पण कातडीच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यात ना रक्त, ना नस. म्हणून तुटलेला केस औषधाने सांधत नाही. त्याला तुटण्यापासून जपणे एवढेच आपल्या हातात असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा उपयोगी पडेल.

धुताना

बारीक केस लवकर तेलकट आणि चपटे होतात. म्हणून आठवड्यातून दोनदा धुतले तरी चालतात. वस्तीत पाणी तासभरच येते, त्यामुळे थोड्या पाण्यात काम भागवण्याची रीत अशी: अर्धा मग पाण्यात शाम्पूची एक पुडी मिसळा. ते पाणी फक्त डोक्याच्या कातडीला लावून बोटांच्या पेरांनी चोळा. केसांचे टोक वेगळे चोळण्याची गरज नाही, वरून वाहणाऱ्या फेसाने ते स्वच्छ होते. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घासू नका. बारीक केसांचा गुंता तिथेच सुरू होतो.

कपड्याचा साबण किंवा धुण्याची पावडर डोक्याला कधीही लावू नये. त्याने केस खरखरीत होतात. बोअरवेलच्या जड पाण्यात साधा साबणही केसांवर चिकट थर सोडतो. शक्य असेल तर शेवटचे दोन मग तरी नळाच्या पाण्याचे घ्या.

खोबरेल तेल उपयोगी आहे, पण त्याने नवे केस उगवत नाहीत. धुण्याच्या तासभर आधी चमचाभर तेल मधल्या भागाला आणि टोकांना लावले तर धुताना केसांची झीज कमी होते. रोज डोके थबथबून तेल घातले तर मात्र बारीक केसांवर धूळ बसते आणि ते एकमेकांना चिकटतात.

पुसताना आणि विंचरताना

ओला केस ताणला की लांबतो आणि लवकर तुटतो. न्हाल्यावर पंचाने केस फटकारण्याची आपल्याकडे सवय आहे. दाट, जाड केस ते सोसतात, बारीक केस सोसत नाहीत. जुन्या सुती साडीच्या किंवा ओढणीच्या मऊ तुकड्यात केस दाबून पाणी टिपा आणि वाऱ्यावर सुकू द्या.

विंचरताना मोठ्या दातांचा कंगवा घ्या. आधी टोकाकडचा वीतभर भाग सोडवा, मग मधला, शेवटी मुळाकडचा. गुंत्याच्या वर केस मुठीत धरला की ओढ मुळाला बसत नाही. वरून खाली एकदम कंगवा ओढला तर गुंता घट्ट होतो. बारीक दातांची फणी फक्त उवा-लिखा काढण्यासाठी वापरा. उवांसाठी रॉकेल किंवा झुरळ-ढेकणांचे औषध डोक्याला लावू नका. त्याने विषबाधा होऊ शकते, आणि रॉकेलमुळे भाजण्याचाही धोका असतो. औषधाच्या दुकानात उवांचे लोशन मिळते.

बांधताना

घट्ट वेणी, ताणून बांधलेला अंबाडा आणि नुसते रबर यांमुळे कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस हळूहळू कमी होतात. अनेक वर्षे ताण राहिला तर तिथे केस पुन्हा येत नाहीत. शाळेच्या वेण्या घालताना मुलीचे कपाळ ताणले जात असेल तर सैल घाला. रबराऐवजी रिबीन किंवा कापडी बँड वापरा. बांधकामावर, कचरावेचणीला किंवा डोक्यावर ओझे वाहायला जाणाऱ्या भगिनींनी सैल वेणी घालून वर सुती फडके बांधावे. चुंबळीखाली केस दबून ओढले जाणार नाहीत असे पाहावे. रात्री केस मोकळे सोडून झोपू नका, सैल वेणी घाला. दर दोन-तीन महिन्यांनी टोके बोटभर कापली की दुभंगलेला केस वर चिरत जात नाही. जयंतीच्या तोंडावर पार्लरमध्ये केस सरळ करून घेण्याची हौस अनेक मुलींना असते. पण तो गरम चिमटा बारीक केसाला जाळतो, हे त्यांना सांगा.

गळती वाढली तर रक्त तपासा

गळलेला केस उजेडात धरून पाहा. टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळापासून गळला आहे. ठिपका नाही आणि तुकडा आखूड आहे, तर तो मधेच तुटला आहे. तुटत असेल तर वर सांगितलेली निगा पुरते. मुळापासून मूठभर गळत असतील तर कारण बहुधा शरीरात असते.

टायफॉईड, डेंग्यूसारखा ताप, मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. घाबरू नका. बहुतेक वेळा काही महिन्यांत ते परत येतात. थायरॉईडचा बिघाड आणि पाळीच्या तक्रारी ही आणखी काही कारणे. मात्र आपल्या घरांत ज्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते कारण म्हणजे अंगात लोह आणि रक्त कमी असणे. 2019 ते 2021 मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. सगळ्यांना वाढून उरले ते खाणाऱ्या बाईच्या वेणीत ही कमतरता दिसते. दम लागणे, चक्कर, फिकट डोळे आणि गळणारे केस अशी लक्षणे एकत्र असतील तर तेलाची बाटली आणण्याआधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. स्त्रियांत ते 12 च्या खाली आणि गरोदरपणी 11 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्या. त्यांनी शौचास काळे होते, त्याची भीती नको. गोळी चहाबरोबर घेऊ नका.

आहारात बाजरी, मटकी, मसूर, हळीव, शेवग्याचा पाला, अंडी, सुकट आणि परवडेल तेव्हा काळीज असावे. जेवणात लिंबू पिळले की लोह चांगले लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर ते वाया जाते. आणि घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर बसून जेवावे, हाही औषधाचाच भाग आहे.

डोक्यावर गोल चट्टा पडून केस गेले, म्हणजे चाई पडली, किंवा खपल्या आणि पू आला तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

जट म्हणजे फक्त गुंता

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लांब, बारीक केस आजारपणात किंवा बाळंतपणात बरेच दिवस विंचरले गेले नाहीत, तर गळलेले केस बाहेर न पडता आतच अडकतात. त्यात तेल, धूळ आणि घाम मिसळून दोरखंड तयार होतो. तीच जट. पण बाईला सांगितले जाते की ही देवीची खूण आहे, फणी लावू नको, कापलीस तर घरात कुणीतरी दगावेल. त्या भीतीने ती ओझे वर्षानुवर्षे वाहते. मान दुखते, डोके ओले राहते, उवा होतात, झोप लागत नाही. याच जटेचे निमित्त करून कित्येक मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या, आणि त्यांत आपल्या समाजाच्या मुली फार होत्या. 1936 च्या जून महिन्यात मुंबईत बाबासाहेबांनी देवदासी, मुरळी आणि जोगतीण म्हणून जगणाऱ्या आपल्याच भगिनींना ते जिणे सोडून मानाने जगण्याचे आवाहन केले होते.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही एखादी आजी किंवा नव्याने आलेली सून ही भीती मनात घेऊन असते. तिच्यावर रागावू नका, शांतपणे समजावा. गुंता नवा असेल तर भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून, टोकाकडून बोटांनी थोडाथोडा सोडवा. जट जुनी आणि कडक असेल तर तिच्या संमतीने कात्रीने कापा. केसात ना रक्त, ना नस. त्यामुळे कापताना दुखत नाही आणि कुणाचे काही वाईटही होत नाही. मुळे शाबूत असली की नवे केस येतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांची समजूत घालून जटा काढण्याचे काम अनेक वर्षे करीत आहेत. त्यांची मदत घ्या.

श्रामणेर शिबिरात आपली मुले मुंडन करतात. कायेकडे पाहायला शिकताना ती केसांपासूनच सुरुवात करतात, कारण केस हा शरीराचा एक भाग आहे, त्याहून अधिक काही नाही. म्हणून ना त्याची पूजा करायची, ना त्याची हेळसांड करायची. या पौर्णिमेला विहारात जाण्याआधी घरातल्या प्रत्येक बाईचे डोके एकदा प्रेमाने विंचरून पाहा. गुंता असेल तर सोडवा, आणि केसांबरोबर तिचा चेहराही फिकट दिसला तर तिला दवाखान्यात घेऊन जा.