देणगी प्रवेशिका

नाट्यगृहाच्या खिडकीवर ‘देणगी प्रवेशिका’ दिसल्या, की मराठी प्रेक्षक ओळखतो: आजचा प्रयोग मदतीचा. अंधशाळा किंवा मूकबधिर विद्यालय चालवणारी संस्था ठरलेल्या रकमेला नाटक घेते, दर चढवते, स्मरणिकेसाठी जाहिराती जमवते. भाडं नि मानधन वजा जाता उरेल ते निधीत. अनुभवी कार्यकर्त्याची भिस्त तिकिटांपेक्षा स्मरणिकेवरच असते! मला या व्यवहारात आवडतं ते हे, की पडदा वर गेला की कुणी कुणाची कीव करायला सांगत नाही. प्रेक्षक हसायला आलेला असतो, हसून जातो.

मदतीसाठी छापलेल्या चित्राचं मात्र तसं नाही. अमेरिकेतल्या ओहायोचे एडगर ॲलन यांचा मुलगा १९०७ मध्ये ट्रामच्या अपघातात गेला. त्या दुःखातून त्यांनी आधी रुग्णालय उभारलं, मग १९१९ मध्ये अपंग मुलांसाठी संस्था. १९३४ च्या ईस्टरला या कामासाठी पत्रांवर चिकटवायचे शिक्के विकायला काढले गेले. पहिल्या शिक्क्याचं चित्र जे. एच. डोनाही या व्यंगचित्रकाराचं: कुबड्या घेतलेला मुलगा आणि मदतीची हाक. पैसा आला, तसाच एक साचाही आला. पुढे टीव्हीवर अमेरिकी विनोदी अभिनेते जेरी लुईस यांच्या, दुसऱ्या एका संस्थेसाठीच्या, निधिसंकलनाच्या मॅरेथॉन कार्यक्रमांनी तो घरोघरी नेला. १९९१ मध्ये या कार्यक्रमांविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांत लहानपणी त्याच मोहिमेच्या पोस्टरवर झळकलेलेही होते. निधी ज्यांच्या नावाने, त्यांनाच तो नकोसा व्हावा, यापेक्षा बोलका ताळेबंद नाही.

चित्र काढणारा हातच बदलला तर? खरं तर इथे हाताचा प्रश्नच नाही. जर्मन चित्रकार एरिक स्टेगमन यांचे दोन्ही हात बालपणी पोलिओने निकामी झाले. ते तोंडात कुंचला धरून रंगवत. १९५० च्या दशकात तोंडाने व पायाने रंगवणाऱ्या चित्रकारांना जमवून त्यांनी लिश्टेनस्टाइनमध्ये संघटना काढली. चित्रांची शुभेच्छापत्रं, कॅलेंडरं छापायची, विकायची, मिळकत चित्रकारांत वाटायची. शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती, पूर्ण सदस्यत्व चित्राचा दर्जा पाहून. सदस्याला आयुष्यभर मानधन मिळतं, आजार बळावून कुंचला धरवेनासा झाला तरी. ‘माय लेफ्ट फूट’चे लेखक ख्रिस्टी ब्राउनही यातलेच. भारतातही या चित्रकारांची पत्रं नि कॅलेंडरं विकली जातात. खटकतं एकच: काही देशांत न मागवता कार्डांचा संच टपालाने घरी येतो आणि माणूस संकोचून पैसे पाठवतो. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेली कीव मागच्या दाराने आत.

आपल्याकडे कुष्ठरुग्णांसाठीच्या आनंदवनात बाबा आमट्यांचा आग्रह पहिल्यापासून दानापेक्षा कामाचा. म्हणूनच तिथली शुभेच्छापत्रं आणि हातमागाचं कापड विकलं जातं ते माल म्हणून. डॉ. विकास आमटे यांनी या शतकाच्या सुरुवातीला उभा केलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद त्याच वाटेवरचा: अंध गायक, ऐकू न येणारे नर्तक, कुष्ठमुक्त कलावंत, आणि प्रेक्षकांत तिकीट काढून बसलेली माणसं. सूत्रसंचालकाने प्रत्येक गाण्याआधी गायकाचं व्यंग सांगायचं का? मी म्हणेन, नको. गाणं बेसूर झालं तर टाळी आखडती घेण्याची मुभा तिकीट काढणाऱ्याला असायला हवी, आणि गायकालाही तेच हवं असतं.

शुभेच्छापत्रांचे दिवस मात्र सरत चालले आहेत. दिवाळीच्या शुभेच्छा आता मोबाइलवरून फुकट जातात. त्यामुळे पणत्या, कंदील, फराळाचे डबे, कॅलेंडर असा वापरात येणारा माल बनवण्याकडे अपंगांच्या अनेक कार्यशाळा वळल्या आहेत. पणतीला तडा असेल, तर ती परत करावी. दुकानदाराला करतो तशीच.