स्नायूंतले कॅल्शियम आणि घराण्याची हकिकत

बकरी ईदला कुर्बानीचे गोश्त कापताना अनेकांनी पाहिले असेल, जनावर थंड झाल्यावरही ताज्या गोश्ताचा तुकडा मध्येच फडफडतो. काही तासांनी तेच गोश्त ताठ होते. मय्यतीला गुस्ल देण्यास उशीर झाला की हातपाय ताठरतात, हेही आपल्याला माहीत आहे. या आखडण्या-ताठरण्यामागे कॅल्शियम असते.

कॅल्शियम म्हटले की आपल्याला दूध, हाडे आणि दात आठवतात. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम तिथेच असते. पण उरलेल्या थोड्याशा भागावर हृदयाचा प्रत्येक ठोका अवलंबून आहे. १८८३ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर या डॉक्टरांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग केले. क्षारांचे द्रावण नळाच्या पाण्यात बनवले की हृदय धडधडत राही. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात बनवले की लवकरच थांबे. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

कोठी, दार आणि पंप

प्रत्येक स्नायूपेशीत कॅल्शियमची एक कोठी असते. विजेचा इशारा आला की कोठीचे दार उघडते, कॅल्शियम पेशीत पसरते आणि स्नायू आखडतो. लगेच छोटे पंप ते उपसून पुन्हा कोठीत भरतात आणि स्नायू सैल पडतो. हृदयात हे काम मिनिटाला साठ-सत्तर वेळा, आयुष्यभर चालते. पंपांना ऊर्जा लागते. मृत्यूनंतर ती संपते, स्नायू सैल होऊ शकत नाहीत, म्हणून शरीर ताठरते.

या दाराला रायनोडिन रिसेप्टर म्हणतात. हातापायांच्या स्नायूंत त्याचा एक प्रकार, हृदयात दुसरा. काही घराण्यांत या दाराचा दोष पिढ्यानपिढ्या उतरतो. एरवी माणूस धडधाकट असतो. दोष कळतो तो एखाद्या नाजूक वेळी.

भुलेची भीती

१९६० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २१ वर्षांचा एक तरुण पाय मोडून रुग्णालयात आला. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलेची चिंता जास्त होती, कारण त्याच्या दहा नातेवाइकांचा ईथरच्या भुलेत किंवा त्यानंतर मृत्यू झाला होता. डॉक्टरांनी ईथर टाळून दुसरा वायू वापरला, तरीही त्याची प्रकृती ढासळू लागली. सावध असलेल्या डॉक्टरांनी भूल थांबवली, शरीर थंड केले आणि तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल यांनी ही हकिकत प्रसिद्ध केली आणि जगाला ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ हा आजार कळला. यात भुलेच्या काही वायूंनी स्नायूंतले दार उघडेच राहते, स्नायू कडक होतात आणि ताप भराभर चढतो. आज यावर डॅन्ट्रोलिन हे औषध आहे. आधी माहिती असेल तर भूलतज्ज्ञ सुरक्षित भूल निवडतात.

पळता पळता बेशुद्ध

हृदयातले दार गळू लागले तर ‘सीपीव्हीटी’ हा आजार होतो. शाळकरी वयाचे मूल खेळताना, पोहताना किंवा एकदम घाबरल्यावर कोसळते. बसून काढलेला ईसीजी बहुधा नॉर्मल येतो. म्हणून कोणी याला मिरगी समजते, कोणी नजर लागली म्हणून झाडफूक करते. वेळ निघून जाते आणि पुढच्या झटक्यात जीवही जाऊ शकतो. पट्ट्यावर चालवून काढलेल्या ईसीजीत हा दोष बहुतेकदा सापडतो आणि बीटा ब्लॉकर गोळ्यांनी धोका बराच कमी होतो.

२००१ साली उत्तर इस्रायलमधील बेदुइन, म्हणजे बद्दू अरब कुटुंबांत याचा एक प्रकार सापडला. तिथे दोष दारात नव्हता, तर कोठीत कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनात होता. या कुटुंबांत नात्यातच निकाह होत असत. हा प्रकार आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच होतो. दोघेही स्वतः निरोगी वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. चुलत-मामे भावंडांत समान जनुके जास्त असल्याने असा योग जुळणे सोपे होते.

आपण काय करावे?

नात्यातला निकाह जायज आहे, पण बंधनकारक नाही. घराण्यात कोवळ्या वयात अचानक मृत्यू झाले असतील, तर रिश्ता ठरवण्यापूर्वी डॉक्टरांचा आणि जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. यात कुणाची बदनामी नाही.

ऑपरेशनपूर्वी “घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का?” असे विचारले तर “नाही” म्हणून मोकळे होऊ नये. दादी-नानीला विचारून यावे.

पळताना किंवा घाबरून मूल बेशुद्ध पडले, तर हृदयरोगतज्ज्ञांकडे न्यावे. कॅल्शियमच्या गोळ्या हा या आजारांवरचा इलाज नव्हे. दोष दारात किंवा कोठीत असतो, आहारात नव्हे. दूधही बंद करू नये.

मौत अल्लाहच्या हाती आहे, पण इलाज करण्याची शिकवणही आपल्याला दिलेली आहे. आपल्या घरांत शिजरा जपून ठेवतात, पूर्वजांची नावे मुलांना पाठ असतात. त्या नावांपुढे कोण कशाने गेले, हेही लिहून ठेवावे. मेलबर्नच्या त्या तरुणाने आपल्या घराण्याची हकिकत डॉक्टरांना सांगितली, म्हणूनच डॉक्टर वेळीच सावध झाले.