चरबी गप्प बसत नाही

वजन कमी करण्याच्या गप्पांत हल्ली कॅलरींपेक्षा हार्मोन्सचीच नावं जास्त ऐकू येतात. लेप्टिन, घ्रेलिन, जीएलपी-१ ही मंडळी व्हॉट्सॲपवर पोचली, पण अर्धवट. तिथल्या दाव्यांत थोडं खरंही असतं, म्हणूनच ते खोडून काढणं अवघड जातं.

सगळ्यात चिवट गैरसमज असा: लठ्ठ माणसात भूक शमवणारं हार्मोन कमी असतं, ते वाढवलं की वजन उतरतं. ही समजूत अगदीच वेडगळ नाही. एके काळी शास्त्रज्ञांनाही तीच आशा होती. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९५०च्या सुमारास असे काही उंदीर निपजले, की त्यांचं खाणं थांबतच नसे. पुढे डग्लस कोलमन यांनी असा एक लठ्ठ उंदीर आणि एक सडपातळ उंदीर शस्त्रक्रियेने जोडून दोघांचं रक्त एकमेकांत फिरू दिलं. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. म्हणजे रक्तातून कसला तरी निरोप येत होता. तो कुठला, हे कळायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याचं जनुक सापडलं. निरोप्या होता लेप्टिन, आणि तो तयार होत होता खुद्द चरबीच्या पेशींत. तोवर निव्वळ साठवण समजली जाणारी चरबी चक्क ग्रंथीचं काम करत होती! ॲम्जेन या औषध कंपनीने हक्कांसाठी २ कोटी डॉलर मोजले.

मग माणसांच्या रक्तात लेप्टिन मोजलं गेलं आणि हवाच गेली. लठ्ठ माणसांत ते कमी नव्हतं, उलट भरपूर होतं. जितकी चरबी जास्त, तितकं लेप्टिन जास्त. मेंदूच त्याला दाद देत नव्हता. वरून आणखी टोचल्यानेही बहुतेकांच्या वजनात फारसा फरक पडला नाही. अपवाद होता तो जन्मतःच लेप्टिन नसलेल्या मुलांचा. केंब्रिजमध्ये सदफ फारुकी आणि स्टीफन ओ'राहिली यांनी अशा मुलांना लेप्टिन दिलं, तेव्हा त्यांची अनावर भूक शांत झाली, वजन उतरलं. पण असा दोष अतिशय दुर्मीळ. आणि ‘लेप्टिन वाढवणाऱ्या’ गोळ्यांचं म्हणाल, तर लेप्टिन हे प्रथिन आहे. गिळलंच, तर ते वरणातल्या प्रथिनासारखं पचून जाईल.

मग लेप्टिनचा उपयोग काय? ते वाढल्यावर शरीर फारसं हलत नाही, घटल्यावर मात्र खडबडून जागं होतं. खाणं कमी केलं, चरबी घटू लागली की लेप्टिन पडतं. मेंदूच्या दृष्टीने हा दुष्काळ. तो भूक वाढवतो, थायरॉइडचं काम मंद करतो, हालचालींवरचा खर्चही आखडता घेतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी दहा आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलो वजन घटवलं होतं. वर्षभरानंतरही त्यांचं लेप्टिन खालीच होतं, भूक चाळवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि भूक आधीपेक्षा जास्त होती. वजन परत आलं की ‘जिभेवर ताबा नाही’ असा शेरा मारणाऱ्या नातेवाइकांना हा अभ्यास वाचून दाखवावा असं फार वाटतं.

पण इथूनच दुसरा गैरसमज निघतो: चयापचय एकदा मंदावलं की कितीही कमी खा, वजन हलतच नाही. मंदावतं हे खरं, थांबत मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचा ऊर्जाखर्च खूप घसरला, तरी वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. हार्मोन्स हिशेब रद्द करत नाहीत. तो पाळणं जिकिरीचं करून ठेवतात.

घ्रेलिन जठरात तयार होतं. जपानी संशोधकांना ते १९९९मध्ये सापडलं. ते रोजच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं, आणि जेवलं नाही तरी काही वेळाने उतरतं. निर्जळी एकादशी करणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी खावं, यावर महाराष्ट्रात घराघरांत तट पडलेत. सारखं खाल्ल्याने चयापचय ‘पेटतं’ हा दावा मात्र टिकत नाही. अन्न पचवायला लागणारी ऊर्जा दिवसभरात काय आणि किती खाल्लं यावर ठरते, किती वेळा खाल्लं यावर नाही.

आता चर्चा वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची. ती चरबी वितळवतात असं म्हणतात. तसं होत नाही. पोट भरल्याचा निरोप देणारं आतड्यातलं आपलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं होतं. सेमाग्लुटाइड ही त्याची नक्कल आठवडाभर टिकते, मेंदूला पोट भरल्याचं सांगत राहते, त्यामुळे माणूस कमी खातो. २०२१च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. त्यात चरबीबरोबर काही स्नायूही जातात, म्हणून डॉक्टर प्रथिनं आणि वजनांचा व्यायाम यांचा आग्रह धरतात. औषध थांबवल्यावर मात्र घटलेल्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. मेलबर्नच्या अभ्यासानंतर यात नवल वाटायला नको.