आलमट्टीचे 519.60 आणि मोबाईलमधले 480

कृष्णेला पूर आला की सांगलीत दोन आकडे तोंडोतोंडी होतात. आयर्विन पुलाखालची फुटातली पाणीपातळी हा एक, आणि आलमट्टी धरणाचे 519.60 मीटर हा दुसरा. अशा वेळी कुणी मोबाईलवर एखादं साधं जीपीएस ॲप उघडलं आणि सांगलीची उंची 480 मीटरच्या आसपास दिसली, तर धरणातलं पाणी गावापेक्षा चाळीस मीटर वर आहे, असाच हिशेब निघेल. वजाबाकीत चूक नाही, फोनही बिघडलेला नाही. पण दोन आकडे एकाच पातळीपासून मोजलेले नाहीत. समुद्रसपाटीपासून सांगली सुमारे 550 मीटरवर आहे. (आलमट्टीच्या बॅकवॉटरचा वाद एवढ्यानं मिटत नाही, तो वेगळा. निदान त्यात हा आकडा तरी घुसू नये.)

गैरसमज : जीपीएस समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं.

उपग्रहांना समुद्र ठाऊक नसतो. ते पृथ्वीच्या जागी ध्रुवांकडे किंचित चपटा, गुळगुळीत असा गणिती गोल धरतात आणि उंची त्याच्यापासून काढतात. समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षण ठरवतं. वारा, भरती-ओहोटी, प्रवाह यांपैकी काहीच नसतं तर समुद्राचं पाणी ज्या पातळीवर स्थिरावलं असतं, ती पातळी जमिनीखालूनही पुढे नेली की तयार होतो जिऑइड. सातारा-सांगली भागात तो गणिती गोलाच्या साठ ते पंचाहत्तर मीटर खाली आहे. दक्षिणेकडे तो आणखी उतरत जातो आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, शंभर मीटरच्याही खाली पोचतो. जिऑइडचा जगातला सर्वांत खोल खळगा तिथेच आहे. काही फोन हा फरक आपणच भरून काढतात, काही ॲप काढत नाहीत.

पाटबंधाऱ्यातले लोक ज्याला ‘आरएल’ म्हणतात, ती उंची समुद्रसपाटीपासूनची. तिचा शून्य सर्व्हे ऑफ इंडियाने 1909 मध्ये नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून पक्का केला.

गैरसमज : डोंगर उंच, म्हणजे तिथला जिऑइडही उंच.

मग महाबळेश्वरला तो वर यायला हवा होता. तिथेही तो गणिती गोलाच्या खालीच आहे. त्याचे मोठे चढउतार पृथ्वीच्या पोटातल्या जड-हलक्या भागांमुळे होतात, डोंगर त्यात थोडीशी भर घालतो. डोंगराची ओढ एवढी कमी कशी, हे कोडं भारतातच पडलं होतं. हिमालयाच्या ओढीमुळे कलियाना आणि कलियानपूर या ठाण्यांवरच्या ओळंब्यांत 15.885 विकलांचा फरक पडायला हवा, असं प्रॅटचं 1855 चं गणित सांगत होतं. प्रत्यक्ष फरक निघाला 5.236. डोंगराखाली हलक्या खडकाची मुळं असतात आणि ती डोंगराची ओढ बरीचशी फेडून टाकतात, असा खुलासा एअरीने त्याच वर्षी मांडला.

गैरसमज : जमिनीच्या उंचीचा नकाशा हाती आला, की जिऑइड काढता येतो.

नुसत्या नकाशावरून नाही. त्यासाठी गुरुत्वाकर्षण मोजावं लागतं. जिऑइडचा ढोबळ आकार उपग्रह देतात. ग्रेस 2002 मध्ये गेला, गोचे 2009 मध्ये. मधला तपशील गुरुत्वमापक घेऊन गावोगाव केलेल्या मोजणीतून येतो. उंचीचा नकाशा, म्हणजे डीईएम, उपयोगी पडतो तो या मोजणीतला डोंगरांचा वाटा वेगळा काढायला.

साताऱ्यात गुरुत्वमापक ठेवलं, तर वर अजिंक्यतारा आहे. त्याचा खडक उपकरणाला किंचित वरच्या दिशेने ओढतो, त्यामुळे वाचन कमी येतं. आता तेच उपकरण यवतेश्वरच्या कड्यावर नेलं, तर बाजूला खोल दरी आहे. तिथे खडक असता तर त्याने खाली ओढलं असतं; तो नाही, म्हणून वाचन पुन्हा कमीच. डोंगर असो की दरी, वाचन कमीच येतं, म्हणून त्यातली दुरुस्ती नेहमी अधिकच करायची असते. विद्यार्थ्यांना हे पटायला वेळ लागतो, आणि त्यात नवल नाही. सपाट सांगलीत ती नगण्य असते, घाटमाथ्यावर मोठी. डोंगरांचा परिणाम आधी वजा करायचा, उरलेल्या सौम्य आकड्यांवर गणित करायचं आणि शेवटी तो परत मिळवायचा, अशी ही रीत आहे.

गैरसमज : डीईएम जितकं बारीक, तितका जिऑइड अचूक.

एंडेव्हर यानाने फेब्रुवारी 2000 मध्ये अकरा दिवसांत रडारने जगाचा मोठा भाग मोजला. तीस मीटरच्या चौकटीचं ते एसआरटीएम नावाचं डीईएम आज कुणालाही फुकट मिळतं. पण रडारला कोयनेच्या जंगलात जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात, आणि उभ्या कड्यांच्या सावलीत तर काहीच दिसत नाही. कोयनेचा शिवसागर जलाशय त्यात एक सपाट पृष्ठभाग म्हणून येतो. त्याखाली खडक धरला, तर पाण्याच्या जागी अडीचपटीहून जड वस्तुमान हिशेबात शिरतं. शिवाय बहुतेक गणितांत खडकाची घनता 2.67 धरतात. ती ग्रॅनाइटी कवचाला ठीक आहे. कोयना परिसरात वरचा सुमारे एक किलोमीटर बेसाल्ट आहे, तो याहून जड, ग्रॅनाइट त्याच्या खाली. आणखी एक गंमत म्हणजे एसआरटीएममधल्या उंच्याच मुळी ईजीएम96 या जुन्या जिऑइडपासून दिलेल्या आहेत.

त्यामुळे तयार झालेल्या जिऑइडची परीक्षा डीईएमवर घेत नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क गाठायचा, त्यावर जीपीएस काही तास ठेवायचं, आणि आलेल्या उंचीतून बेंचमार्कची उंची वजा करायची. उत्तर उणे येतं. त्या गावासाठी जिऑइडनेही तेवढाच उणे आकडा दिला पाहिजे.