ग्रामसभेत बोलायला दोन मिनिटं पुरतात! 'टोस्टमास्टर्स'ची बैठक कशी चालते आणि गावाला त्यातून काय घेता येईल?

ग्रामसभा म्हटलं की बऱ्याच गावांत बोलणारे ठरलेले चार-पाच जण असतात. बाकीचे मागं बसून ऐकतात, रजिस्टरवर सही करतात आणि सभा उठल्यावर पारावर येऊन खरं काय ते बोलतात. अडचण एवढीच की पारावरचं बोलणं इतिवृत्तात येत नाही. पाणंद रस्ता, गटार, पाण्याची टाकी, लाभार्थ्यांची यादी हे सगळं सभेत जे बोललं जातं त्यावर ठरतं.

हक्क तर कायद्यानंच दिलेला आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचीही तरतूद आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण उभं राहून चारचौघांत बोलायची सवयच नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

ही सवय लावणारी एक पद्धत शंभर वर्षांपासून चालू आहे. तिचं नाव 'टोस्टमास्टर्स'.

सुरुवात कुठं झाली?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात 22 ऑक्टोबर 1924 रोजी राल्फ स्मेडली यांनी वायएमसीए या संस्थेच्या इमारतीत पहिला क्लब सुरू केला. साध्या माणसांना सभेत बोलता यावं, सभा चालवता यावी, एवढाच हेतू. बायकांना सदस्यत्व मिळायला मात्र 1973 साल उजाडलं. आज 140 हून अधिक देशांत असे क्लब आहेत. आपल्याकडे मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही आहेत.

भाषणाची परंपरा आपल्यालाही नवी नाही. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं 1875 सालीच सुरू झाली. फरक एवढाच, की व्याख्यानमालेत एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. क्लबात आलेल्या प्रत्येकाला काही ना काही काम असतं.

बैठकीत नेमकं काय होतं?

बैठकीचे मुख्य भाग तीन.

पहिला, तयारी करून आणलेली भाषणं. एका भाषणाला साधारण पाच ते सात मिनिटं. नवख्याचं पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देणारं असतं, त्याला चार ते सहा मिनिटं.

दुसरा, आयत्या वेळचे विषय. नाव पुकारलं की उठायचं, विषय तिथंच कळतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. ग्रामसभेत अचानक प्रश्न आला तर गडबडायला होतं, त्यावरचं औषध हेच.

तिसरा, मूल्यमापन. प्रत्येक भाषणावर दुसरा सदस्य दोन-तीन मिनिटं बोलतो. काय चांगलं झालं ते आधी, काय सुधारायचं ते नंतर. माणसाला नावं ठेवायची नाहीत.

एक जण घड्याळ सांभाळतो आणि हिरवी, पिवळी, लाल खूण दाखवतो. सात मिनिटांच्या भाषणात पाचव्याला हिरवी, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल. दुसरा जण 'अं', 'म्हणजे', 'काय आहे ना' असे अडखळते शब्द मोजतो. तिसरा भाषेकडे लक्ष देतो. दर बैठकीला कामं बदलतात. त्यामुळं बोलण्यासोबत ऐकायची आणि सभा चालवायचीही सवय होते.

क्लबाबाहेरचं काम

सदस्यत्वासाठी वय 18 पूर्ण लागतं. पण शाळकरी मुलांसाठी क्लबाचे सदस्य आठ सत्रांचा वेगळा कार्यक्रम घेतात. सदस्य नसलेल्या मोठ्या माणसांसाठीही थोड्या दिवसांचा अभ्यासवर्ग असतो. तुरुंगांतही अशा सभा चालतात.

गावात कसं करता येईल?

त्यासाठी क्लबाचं नाव किंवा फी लागत नाही. बचत गट, भजनी मंडळ, शेतकरी गट यांची बैठक तशीही होतेच. तिच्यात अर्धा तास काढला तरी पुरे. मोबाईलवर दोन मिनिटांचा गजर लावायचा. आठ-दहा जणांनी आळीपाळीनं उभं राहून एकेक मुद्दा मांडायचा. एकानं वेळ बघायची, एकानं मूल्यमापन करायचं. भाषा घरात बोलतो तीच ठेवायची.

मुद्दा मांडताना तीन गोष्टी धरायच्या: अडचण काय, पुरावा काय, मागणी काय. उदाहरणार्थ, 'या गटांमधून जाणारा पाणंद रस्ता पावसाळ्यात बंद होतो, ऊस बाहेर काढता येत नाही. अमुक तारखेला अर्ज दिला, ही पोच. रस्त्याचं काम आराखड्यात घ्यावं, असा ठराव मांडतो.' एवढं बोलायला एक मिनिटही लागत नाही. शेवटी एक वाक्य विसरायचं नाही: 'याची इतिवृत्तात नोंद घ्यावी.'

महिला सभेच्या आदल्या दिवशी असा सराव झाला, तर सभेत पहिल्यांदा उठणारीला आवाज सापडायला मदत होईल. मात्र टाळ्या आणि मूल्यमापन सगळ्यांना सारखंच हवं. पाटलाच्या पोराला एक न्याय आणि मजुराच्या सुनेला दुसरा, असं झालं तर दुसऱ्या बैठकीला कुणी यायचं नाही.

नीट बोलता आलं म्हणजे काम झालंच, असंही नाही. निधी, मंजुरी आणि पाठपुरावा लागतोच. पण जो मुद्दा सभेत मांडलाच नाही, त्याचा पाठपुरावा करायचा तरी कशाच्या जोरावर? साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होतात. पुढची सभा येण्याआधी दोन-तीन बैठका सहज बसतात.