'वॉर हॉक्स'ना मराठीत काय म्हणावे?

इंदूरला इतिहास शिकवताना १८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धाचा धडा आला, की 'वॉर हॉक्स'साठी 'युद्धखोर' हा शब्द देऊन मी पुढे जात असे. आता तो मला अपुरा वाटतो. 'युद्धखोर' म्हटले की गर्जना करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. या मंडळींचे खरे काम मात्र सभागृहाच्या नित्य कामकाजात झाले.

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हे, तर काँग्रेसला दिला आहे. ४ नोव्हेंबर १८११ रोजी नवी काँग्रेस भरली आणि केंटकीचे ३४ वर्षांचे हेन्री क्ले प्रतिनिधिगृहातील पहिल्याच दिवशी सभापती झाले. समित्या नेमणे सभापतीच्या हाती होते. परराष्ट्र संबंध समितीवर त्यांनी पीटर पोर्टर, जॉन कॅल्हून, फेलिक्स ग्रंडी हे समविचारी सदस्य नेमले.

तक्रारी खोट्या नव्हत्या. ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरील खलाशांना बळजबरीने आपल्या चाकरीत ओढत होते, व्यापार अडवत होते. पण त्यांच्या जोडीला कॅनडाचा आणि मूळ रहिवाशांच्या भूमीचा मोहही होता.

राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी १ जून १८१२ रोजी युद्धाचा प्रश्न काँग्रेसपुढे ठेवला. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ अशी मते पडली आणि १८ जूनला युद्ध जाहीर झाले. व्यापारावरील वादग्रस्त निर्बंध उठवण्याचा निर्णय ब्रिटनने त्याच सुमारास घेतला होता. पण ती बातमी समुद्र ओलांडून येईपर्यंत उशीर झाला.

याच प्रतिनिधिगृहाने जानेवारीत नव्या युद्धनौकांचा प्रस्ताव फेटाळला होता. नवे अंतर्गत करही १८१३ पर्यंत मंजूर झाले नाहीत. युद्धाला मत मिळाले, खर्चाला मिळाले नाही. ऑगस्ट १८१२ मध्ये डेट्रॉइट पडले. ऑगस्ट १८१४ मध्ये राजधानी वॉशिंग्टन जळाली.

२४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट येथे झालेल्या तहावर सही करणाऱ्यांत क्ले होतेच. खलाशांच्या सक्तीच्या भरतीचा त्या तहात उल्लेखही नव्हता.

म्हणून मी आता 'युद्धाग्रही' हा शब्द वापरतो. आग्रह धरणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येतो: समित्या कोणी नेमल्या, आणि खर्चाची वेळ आली तेव्हा हात कोणी वर केला?